दुसरं ए, शेवटी आर

मगदुमांच्या प्रेसात खिळे उलटे दिसायचे
आणि आम्हां दोघांना सुलटं वाचायची सवयच उरली नव्हती.
मी मराठीच्या केसवर, इरप्पा कानडीच्या,
इंग्रजीची केस मधे, एकच,
भावकीतल्या विहिरीसारखी सामाईक.

त्याची अक्षरं मला वाचता यायची नाहीत.
माझ्या अक्षरांच्या डोक्यावरची रेघ
त्याला आडवी यायची, म्हणायचा,
एवढं दार लावून कशाला बसलात रे तुम्ही?

सोयरिका मात्र दोन्हीकडच्या व्हायच्या.
पत्रिकेत वरची बाजू त्याची, खालची माझी,
आणि नवरानवरीच्या मधला वेड्स
ज्याचा हात रिकामा त्यानं जुळवायचा.

भाकरी झाली की तो मूठ पुढे करी.
पाच अक्षरं, मास्तर. तिसरं एल, शेवटी टी.
मी न बघता कप्पे चाचपायचो.
पायलट.
दुसरा सांग.
स्प्लिट.
मराठीत दोनच अक्षरं, एकमेकांच्या खांद्यावर चढलेली;
इंग्रजीत पाचही सुटी,
एस्टीच्या रांगेत उभी राहावीत तशी.
अर्थ कुणाला लागत होता?
स्टिकमध्ये बसला की तो शब्द.

ई नेहमी कमी पडायचे.
बिलबुकांची मोठी ऑर्डर आली की ई संपत,
मग बिनईचे खेळायचो: ब्रिक, मंथ, शुगर.
टोबॅको सात अक्षरी म्हणून बाद,
निपाणीत राहून, तंबाखूचा वास अंगाला असून, बाद.

गावातल्या बोर्डांवर डांबर फिरलं त्या आठवड्यात
शटर अर्धं खाली होतं.
बाहेर घोषणा. आत बल्ब, आम्ही दोघे, शाईची वाटी.
इरप्पानं बॉर्डर जुळवला.
मी मोजले. सहा, म्हटलं.
त्यानं एकेक खिळा उचलून
ज्याच्या त्याच्या कप्प्यात परत टाकला.

पुढे ऑफसेट आलं. शिसं किलोवर गेलं.
इरप्पा चिकोडीला, मुलाच्या घरी.

आता माझी नात वेदिका मोबाइलवर
रोज पाच चौकोन भरते, हिरवे, पिवळे.
हिरवं म्हणजे जागेवर, आजोबा,
पिवळं म्हणजे आहे, पण जागा चुकली.
मी म्हणतो, कळलं. चांगलंच कळलं.

इरप्पाची उजवी बाजू गेल्याचं उशिरा समजलं.
वाचाही गेली.
गौरव्वानं खुर्ची दिली, चहा दिला,
त्याच्या अंगावरची चादर दोनदा नीट केली.
त्यानं डाव्या हातानं माझा तळहात ओढून घेतला
आणि बोटानं घरं आखली. पाच.
दुसऱ्यात ए. चौथ्यात ई. शेवटी आर,
ई आणि आर उलटे, खिळ्यासारखे,
म्हणून तर चटकन वाचता आले.

वॉटर? मी तांब्या पुढे केला.
मान हलली नाही.
पेपर? गौरव्वानं कानडी पेपर उशाशी धरला.
नाही.
वेफर? त्यावर हसला, अर्ध्या तोंडानं,
लाळ पुसावी लागली.
लेटर, म्हणालो. पत्र नव्हे, पत्राला सहा लागतात.
नंतर, या अर्थी.
त्यानं डोळे मिटले.
होय म्हणाला की दमला, समजेना.
गोत्तिल्ल, गौरव्वा म्हणाली,
तिला कुणी विचारलं नव्हतं.

बसमध्ये मूठ उघडलीच नाही.
घरी वेदिकेला म्हटलं, शोध.
तिनं फोनवर बोट फिरवलं आणि यादी निघाली.
मेकर, लेयर, सेफर, ईगर.
हळू वाच, म्हटलं.
आजोबा, खूप आहेत हो.

माझ्याजवळ एक ई आहे,
प्रेस विकला तेव्हा कोटाच्या खिशात राहिलेला.
मधली दांडी झिजलीय, कुणी सी वाचेल.
इरप्पा वाचणार नाही.
चिकोडीची पहिली गाडी सव्वासहाला असते.
उद्या मेकरपासून.